मराठीतून स्पॅनिश

मंगळवार, रात्री उशिरा

आज स्पॅनिशच्या वर्गात 'मला कॉफी आवडते' म्हणायला जाऊन काकू 'यो गुस्तो एल काफे' म्हणाल्या आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. काकूंचा मुलगा माद्रिदला असतो, सून तिकडचीच. नातवाशी त्याच्या भाषेत बोलता यावं म्हणून त्या या वयात वही-पेन घेऊन येतात. त्या एकदम गप्प झाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

पुस्तक इंग्रजी, सूचना इंग्रजी. साहजिकच काकूंनी आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं आणि मग त्याचं स्पॅनिश केलं. थेट मराठीवरून गेल्या असत्या तर अडखळल्याच नसत्या. मला कॉफी आवडते: मे गुस्ता एल काफे. मला पुस्तकं आवडतात: मे गुस्तान लोस लिब्रोस. आवडणारी वस्तू एक की अनेक, त्यावर क्रियापद ठरतं, अगदी आपल्यासारखं!

उकाड्याचंही तेच. इंग्रजीवरून 'एस्तोय कालियेंते' म्हणून बसलं तर त्यातून कामवासना सूचित होते. नवशिक्यांची फजिती होण्याची ही नेहमीची जागा. बरोबर वाक्य 'तेंगो कालोर'. 'मला उकडतंय' म्हणणारा माणूस 'मी गरम आहे' असं का जुळवेल? उच्चारातही रोमन अक्षर बघून निम्मा वर्ग 'टेंगो', 'डोंडे' म्हणतो. स्पॅनिशमध्ये तिथे आपले त आणि द लागतात. देवनागरीत 'तेंगो', 'दोंदे' लिहून घेतलं की जीभ आपोआप दातांशी जाते.

आणि तू-तुम्ही! मॅडमशी बोलताना काकू न सांगता 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही', वापरतात. स्पेनमध्ये लोक लवकरच 'तू'वर येतात म्हणे, पण हा फरक असतो हे काकूंना शिकवावं लागलं नाही.

सगळीकडे मराठी उपयोगी पडत नाही, हेही खरं. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'ला मानो' स्त्रीलिंगी. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे 'सेर' आणि 'एस्तार'. तिथे पाठांतराला पर्याय नाही.

वर्ग सुटल्यावर काकूंच्या वहीत 'आवडणे'ची वाक्यं शेजारी शेजारी लिहून दिली. त्यांनी स्वतःहून पुढचं जोडलं: 'आ मी निएतो ले गुस्ता एल मांगो.' माझ्या नातवाला आंबा आवडतो. एकही चूक नाही. गुरुवारी मॅडमना विचारणार आहे, फळ्यावर इंग्रजीशेजारी मराठी वाक्यही लिहाल का?