तांबूचं घर आणि मागचा ऊस (माझा अनुभव)

मखमलाबादच्या पुढे आमचं घर आहे, एका अंगाला द्राक्षबाग आणि मागे नाल्यापलीकडे ऊस. ऊस म्हटलं की बिबट्या आलाच, नाशिककरांना हे सांगायला नको. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली आणि आठवड्याभरात शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा पहाटे बिबट्यानं ओट्यावरून नेला. साखळीला बांधलेला होता, पळताही आलं नाही त्याला. सकाळी नुसती साखळी आणि तुटलेला पट्टा. आमचा कुत्रा तांबू तेव्हा पडवीतच झोपायचा. त्या रात्री मी त्याला आत घेतलं आणि ह्यांना म्हटलं, अहो आता तांबूसाठी पिंजरा करायचाच, आणि ह्याच महिन्यात. घरात कायमचा ठेवता येत नव्हता कारण सासूबाईंना दमा आहे, केसांनी त्यांना धाप लागते.

पहिला वाद जागेवरून. ह्यांचं म्हणणं मागच्या कोपऱ्यात करू, मोकळी जागा आहे, वास येणार नाही. मी म्हटलं वास धुता येतो हो, पण तिथे रात्री काही झालं तर आपल्याला ऐकूही येणार नाही आणि तांबूला घरातलं कुणी दिसणार नाही, मग तो रात्रभर भुंकणार. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी हे रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन त्या कोपऱ्यात एकटे जाऊन उभे राहिले, पाचेक मिनिटं असतील, परत आले आणि म्हणाले, "अगं, स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच करू." मी काही विचारलं नाही. ती बाजू पूर्वेची आहे, त्यामुळे सकाळचं ऊन मिळतं आणि पावसाची झड पश्चिमेकडून येते ती घरामुळे अडते, हा फायदा नंतर लक्षात आला.

मग मापं. हे टेप धरणार आणि मी बिस्किट, तरी तांबू स्थिर उभा राहीना. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ३० इंच, उभा असताना कानापर्यंत २५. मला वाटत होतं झोपायची खोली ऐसपैस पाहिजे, पण डॉक्टरांनी समजावलं की कुत्रा आत उभा राहू शकेल, वळू शकेल आणि पाय पसरून झोपू शकेल एवढीच हवी, कारण थंडीत त्याच्याच अंगाच्या उबेनं ती गरम राहते, फार मोठी केली तर राहत नाही. निफाडचा पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, इकडेही पहाटे बोटं वळत नाहीत. म्हणून साडेतीन बाय अडीच फुटांची प्लायची खोली, दार मधोमध न ठेवता एका कडेला म्हणजे वारा थेट अंगावर येत नाही, आणि तिच्यापुढे ७ बाय ४ फुटांचा जाळीचा भाग, उंची साडेपाच फूट, मला आत शिरून झाडता यावं म्हणून.

जाळीत आम्ही फसणार होतो. हे कुंपणाची चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफलेली जाळी) बघून आले होते, स्वस्त पडते. चुलतदिरांनी थांबवलं, म्हणाले वहिनी ती ओढली की उसवते, वेल्डमेश घ्या, प्रत्येक सांधा वेल्ड केलेला असतो. १० गेजची घेतली. (गेजचा नंबर जेवढा कमी तेवढी तार जाड, आम्ही आधी उलटं समजत होतो.) वरूनही जाळीच, उघडं ठेवून चालतच नाही, बिबट्या झाडावर चढतो तिथे साडेपाच फुटांचं काय. खालचे दोन फूट बाहेरून पत्रा मारला म्हणजे पंजा आत येणार नाही आणि तांबूला सगळं दिसून तो बिथरणारही नाही.

सांगाडा मात्र फुकटात झाला. चुलतदिरांनी मागच्या वर्षी बाग तोडली, मांडवाचे अँगल गोठ्यामागे पडून होते. ज्या अँगलवर दहा-बारा वर्षं वेली पेलल्या तेच आता तांबूला राखणार ह्याचं मला फार बरं वाटलं, दिरांनाही वाटलं असावं, स्वतः ट्रॅक्टरनं आणून टाकले. सातपूरकडून फॅब्रिकेशनवाला आला त्यानं आधी वेल्डिंगच्या जागा ग्राइंडरनं घासल्या, अँगल गॅल्वनाइजचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले होते आणि तो थर जळाला की धूर छातीत बसतो म्हणाला.

कोब्याचं काम दोनदा करावं लागलं. मिस्त्रीनं उतार खोलीच्या बाजूला काढला, धुतलं की पाणी नेमकं प्लायखाली साचायचं. फोडून परत केला, आठवडा गेला, ह्यांचा रविवार गेला. आता खोली विटांवर सहा इंच उचललीये आणि आत कंपनीतलं लाकडी पॅलेट.

खोलीच्या छपराचं डोकं ह्यांचं. नुसता पत्रा एप्रिलमध्ये भट्टी होतो, म्हणून खाली प्लाय, वर पत्रा आणि मध्ये तीन इंच मोकळी जागा, हवा खेळती राहते. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो पण आत हात घातला तर तेवढं तापलेलं नसतं.

गोचिडांचं मी पाहिलं. मादी अशा फटींत जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि गोचीड-ताप कुत्र्याच्या जिवावर उठतो, म्हणून प्लायच्या सगळ्या फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवल्या, रंग दिला आणि वास पूर्ण जाईपर्यंत तांबूला आत सोडलं नाही. गोणपाट टाकत नाही, जुन्या सुती साड्या टाकते, आठवड्याला गरम पाण्यात.

एवढं करून तांबू आत जाईना! दारात बसायचा आणि माझ्याकडे बघायचा, पोटात कालवायचं माझ्या. हे म्हणाले ढकलू नकोस, घाबरला तर परत कधी जाणार नाही. मग दार उघडं ठेवून दोन्ही वेळची भाकरी-दूध आतच द्यायला लागलो, माझी नेसून मऊ झालेली साडी आत टाकली, हे संध्याकाळी चहा घेऊन पिंजऱ्यात पाटावर बसायचे. सहाव्या दिवशी दुपारी बघते तर हा साडीवर पसरलेला. मग दार थोडा वेळ लावायचं, उघडायचं, असं करत करत दहा-बारा दिवसांनी रात्रभर राहिला.

आता सूर्य मावळला की तो आत. कडी एक होती ती त्यानं नाकानं उचलून काढली म्हणून दोन केल्या, खालच्या कडीला पिन. सगळं मिळून १९ हजारांच्या आसपास खर्च आला, अँगल विकत घेतले असते तर बराच वाढला असता. फ्रिजवर वनविभागाचा १९२६ नंबर चिकटवून ठेवलाय.

परवा रात्री दोनला वस्तीवरची सगळी कुत्री एकदम ओरडायला लागली. आम्ही दोघं उठून खिडकीत. तांबू खोलीच्या आत, दाराकडे तोंड करून उभा, गुरगुरत होता. मी खिडकीतून हळूच नाव घेतलं तर शेपूट हलली. सकाळी नाल्याकाठी ठसे होते म्हणे, मी गेले नाही बघायला. हे जाऊन आले आणि आल्याआल्या छपराच्या पन्हळीचं माप घ्यायला बसले, मृगाच्या आत बसवायचीये.