कोपर अपडेट, आठवडा ११ : दोष कास्टिंगचा नव्हताच

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की टेनिस एल्बो झालेलं माझं उजवं कोपर दुखण्यातून जवळजवळ सुटलं. तेव्हा खरंच सुटलं होतं, विळीवर अख्खा नारळ न थांबता खवला होता, आई बघतच राहिली. पण रविवारी भाट्याच्या खाडीवर भरतीला दोन तास मासे गरवायला पॉपर (पाण्यावर झटक्यांनी उडवायचं खोटं आमिष) मारला आणि सोमवारी दाराची कडी ओढताना परत तीच कळ, बाहेरच्या हाडावर, बोट ठेवलं की नेमकी तिथेच. फार वाईट वाटलं.

दोन दिवस डोक्यात एकच, मी कास्ट (रॉडने आमिष दूर फेकणं) तर मोजूनच केले होते, ४०, वर एकही नाही, मग दुखलं कशाने? शेवटी मुलीने काढलेला व्हिडिओ परत परत बघितला तेव्हा उलगडलं. कास्टला एक सेकंद लागतो आणि तोही दोन्ही हातांनी. खरं काम नंतर चालतं. उजव्या मुठीत रॉड घट्ट, मनगट वर उचललेलं, आणि पॉपर उडवायला झटक्यावर झटके. मूठ आवळली की मनगट पुढे पडू नये म्हणून ईसीआरबी, म्हणजे मनगट वर उचलणारा स्नायूच, ताणून धरतो, आणि त्याचंच टेंडन आपल्या त्या दुखऱ्या हाडाला चिकटलेलं. एका कास्टला २५ झटके धरा, ४० कास्टचे १००० झाले! आणि मी आपला कास्ट मोजत बसलो होतो.

मग रॉडकडे वळलो. ९ फुटी, तोंडाकडे जड, म्हणजे ते उचलून धरायलाही मनगटच. बुडाला शिशाची वजनं बांधली, थोडी थोडी वाढवत ६० ग्रॅमवर रॉड रीलपाशी बोटावर तोलला गेला. मुठीवर बॅडमिंटनची ग्रिप दोन थर. जाड मुठीला कमी आवळावं लागतं, हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो, नक्की करून बघा.

व्यायाम चालूच. आयसोमेट्रिक (न हलवता ताण धरून ठेवणं) ४५ सेकंद पाच वेळा, एक्सेंट्रिक (वजन हळूहळू खाली सोडणं) दीड किलोवर आलोय, दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं की वजन कमी. ट्विस्टचा, म्हणजे पिळून व्यायाम करायचा, रबरी दांडा ऑनलाइन स्वस्तातला घेऊ नका, माझा तिसऱ्या आठवड्यात चिरला. कोपराचा पट्टा पण सर्जिकलच्या दुकानात हातावर लावून बघूनच घ्या, आणि तो हाडावर नाही, कोपराच्या दोन बोटं खाली स्नायूवर बसला पाहिजे. स्टिरॉइडचं इंजेक्शन मी परत नाकारलं. पहिले काही आठवडे छान वाटतं पण वर्षभराने न घेतलेलेच जास्त बरे असतात, आणि मला पुढची बरीच वर्षं गरवायचंय.

प्लॅन असा होता की दसऱ्यापर्यंत पॉपर बंद, स्टँडला रॉड लावून जिवंत कोळंबीवर चोणक माशाची वाट बघायची. पण हे लिहिताना समोर रील पडलंय आणि आत्ता सुचलं, स्पिनिंग रीलचं हँडल तर दोन्ही बाजूंना लागतं! कास्ट उजव्याने करायचा, रॉड लगेच डाव्या हातात घ्यायचा, झटके डाव्याने, गुंडाळायचं उजव्याने. थांबा, लावूनच बघतो.

लागलं. डाव्या कोपराला सवय नाही, म्हणून आधी दोन आठवडे त्यालाही तेच व्यायाम, अर्ध्या किलोपासून, मग २० कास्ट, आणि या वेळी झटके पण मोजणार. कोणी असं हात बदलून पॉपर चालवत असाल तर सांगा, अदलाबदलीत पॉपर पडल्यावरचा पहिला झटका चुकतो का? तांबोशी बहुतेक वेळा त्यालाच येते.