पुढच्या काचेवरचं नाव

"मावशी, इअरप्लग घे," भाचा तीनदा म्हणाला. मी घेतले नाहीत. अमेरिकेतल्या शार्लटमधल्या दोन आठवड्यांत डोंगर पाहिले, दुकानं पालथी घातली, त्यातलं लिहावंसं काहीच नाही. लिहायचंय ते मेमोरियल डेच्या (शहीद सैनिकांच्या स्मरणाच्या दिवसाच्या) आदल्या रविवारच्या मोटार शर्यतीबद्दल. त्या संध्याकाळीने माझे कान दोन दिवस बधिर ठेवले.

काँकॉर्डचा शार्लट मोटर स्पीडवे. दीड मैलाची एक फेरी, अशा ४०० फेऱ्या, म्हणजे ६०० मैल. नॅस्करची, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, सगळ्यात लांब शर्यत. उन्हात सुरू होते, दिव्यांच्या झगझगाटात संपते. नाव 'कोका-कोला ६००' (आमच्या डब्यात घरचं लिंबू सरबत होतं, असो). शेजारचे आजोबा मात्र तिला 'वर्ल्ड ६००'च म्हणत होते. १९६० मध्ये शर्यत सुरू झाली तेव्हाचं ते नाव. कोका-कोला आली १९८५ मध्ये. मी अजून व्हीटीला व्हीटीच म्हणते, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

मग त्यांनी प्रायोजकांच्या नावांची वंशावळच ऐकवली. १९७१ मध्ये टीव्ही-रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली, तो पैसा इकडे वळला आणि नॅस्करची अख्खी शर्यत-मालिकाच विन्स्टन सिगारेटच्या नावाने 'विन्स्टन कप' झाली. २००३ नंतर नेक्स्टेल, मग स्प्रिंट या फोन कंपन्या, मग मॉन्स्टर एनर्जी हे पेय. खुद्द हा ट्रॅकही १९९९ पासून दहाएक वर्षं 'लोज'च्या, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानांच्या, नावाने होता. गाड्यांचं तर विचारूच नका. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कमानीवरही एवढी 'सौजन्य' नसतात.

अर्धी शर्यत झाली आणि सगळ्या गाड्या पिट रोडवर, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या कडेच्या रस्त्यावर, येऊन थांबल्या. इंजिनं बंद. मला वाटलं, अपघात. पण लोक टोप्या काढून उभे राहिले होते. भाच्याने मोठ्या पडद्याकडे बोट केलं. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर एरवी ड्रायव्हरचं आडनाव असतं; आज तिथे कर्तव्यावर असताना गेलेल्या सैनिकाचं होतं. प्रत्येक गाडीवर वेगळं. आजोबा ओठ हलवत एकेक वाचत होते. मी एक नाव वाचायला घेतलं, तोवर पडदा पुढे सरकला. वरच्या रांगेत कुणाचं तरी बाळ रडत होतं, ते इतक्या वेळात पहिल्यांदाच ऐकू आलं.

इंजिनं पुन्हा गरजली तशी मी दोन्ही हातांनी कान दाबले. आजोबांनी खिशातून इअरप्लगची जादा जोडी काढून माझ्यापुढे धरली. पाकिटावर कुणाची तरी जाहिरात होतीच.