टेस्ट पास झाली तरी मी लॉक का बघत बसतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लातूरच्या आमच्या टीममध्ये दर रिलीजला कुणीतरी म्हणतंच, "दादा, टेस्ट पास झाली ना, मग ड्रायव्हरमधले लॉक कामून उकरायलाव?" मी चिडतो आणि विषय बदलतो. आज नाही बदलत. लॉक म्हणजे कोडमधली कडी: एकजण आकडे वापरत असताना दुसऱ्यानं थांबायचं.

एका डाळमिलमधल्या काट्याचा ड्रायव्हर, म्हणजे काट्याशी बोलणारा कोड, मी लिहिला होता. लोडसेलकडून (वजन मोजणारा सेन्सर) सेकंदाला ८० इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवणाऱ्या हाका; हाक आली की चालणारा कोड, हँडलर, प्रत्येक वेळी वजनाची बेरीज आणि सॅम्पलची संख्या वाढवतो, प्रोग्रॅम दोन्ही वाचून सरासरी काढतो. वाचताना आणि हँडलरमध्येही स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागेवर फिरत बसायला लावणारा लॉक) घेतला होता, पण साधा, इंटरप्ट बंद न करणारा. बोर्ड एका कोअरचा, म्हणजे एका वेळी एकच काम चालवणारा. तिथे लिनक्समध्ये स्पिनलॉक फक्त प्रीएम्प्शन (एक प्रोग्रॅम मध्येच थांबवून दुसरा पुढे घेणं) थांबवतो, प्रत्यक्ष लॉक असा उरतच नाही, त्यामुळे बेरीज वाचली आणि संख्या वाचायच्या आत इंटरप्ट घुसला की बेरीज आठ सॅम्पलची आणि भागाकार नऊने. ५४ किलोचं पोतं ४८ दाखवणार.

एकदा दाखवलं. बाजाराच्या पावतीवर ५४, मिलच्या काट्यावर ४८, आणि पोतं तोवर मशीनमध्ये रिकामं झालेलं. सहा किलो तूर गेली कुठं, म्हणून हमालाला धरलं. मला बोलावलं, मी २० किलोची वजनं ठेवून बघितली, चार वेळा बरोबर आलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की काटा बरोबर आहे. तो माणूस माझ्याकडे बघत होता, काही बोलला नाही. त्याची मजुरी कापली.

वर्षभरानं चार कोअरचा बोर्ड आला, कोड तोच. तिसऱ्या आठवड्यात सगळं गोठलं. ज्या कोअरनं लॉक धरलेला त्याच कोअरवर इंटरप्ट आला, हँडलर लॉकसाठी फिरत बसला, आणि हँडलर संपल्याशिवाय लॉक सुटणार नाही. दुसऱ्या कोअरवर आला असता तर क्षणभर थांबून निघून गेला असता, म्हणून टेबलावर टेस्ट करताना कधी दिसलंच नाही. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी लिनक्सचीच सोय) चालू करून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बनवला तर हँग न होताच पहिल्याच पोत्याला वॉर्निंग. ती वाचता वाचता मला ते ४८ आठवलं.

लॉकडेप कर्नलमध्ये २००६ पासून आहे. तेव्हाचा मी म्हणतो, त्यानं बोर्ड स्लो होतो, डिलिव्हरी तोंडावर होती. बरोबर आहे, लॉकडेप लावून माल कुणी पाठवत नाही, पण टेबलावर एक दिवस चालवायला कुणी अडवलं होतं?

आता आयआरक्यूसेव्ह, म्हणजे त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करून घ्यायचा लॉक, टाकलाय, लॉकच्या आत फक्त दोन आकडे कॉपी होतात, भागाकार बाहेर. डिस्प्लेचा लॉक वेगळा आहे, दोन्ही लागले तर आधी काट्याचा, मग डिस्प्लेचा, हे कोडच्या वरच लिहून ठेवलंय, कुणी उलटं घेतलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. आणि लॉकडेपला तरी जो रस्ता चालला तोच दिसतो, न चाललेल्याचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून डोळ्यांनी वाचतो.

मिलवाल्यांना फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. हमालाची मजुरी परत दिली का, हे विचारायला तोंड उघडलं नाही. अजून विचारलेलं नाही.