हिरड्या पांढऱ्या पडलेल्या कुत्र्याला टोकन देऊन बसवू नका

चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितोय. आमच्या शेरूला सोसायटीच्या गेटबाहेर गाडीने उडवलं. मांडीला थोडं खरचटलेलं, बाकी कुठे रक्ताचा थेंब नाही. उठून चार पावलं चाललासुद्धा. जमलेले लोक म्हणाले, "वाचला!" पण बायकोने त्याचा ओठ वर करून पाहिलं. नेहमीची गुलाबी हिरडी पांढरीफटक पडली होती. तिने ती बोटाने दाबून सोडली. धडधाकट कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो, इथे तो येईचना. पंजे गार, श्वास भराभर, मांडीच्या आतल्या बाजूची नाडी जोरात पळतेय पण बोटाला जेमतेम लागतेय. म्हणजे रक्त आतल्या आत चाललंय, हे तिने तिथेच ओळखलं.

चादरीची झोळी करून, वर गोधडी घालून त्याला दवाखान्यात नेलं.

आणि तिथे अडकलो. काउंटरवरच्या ताईंनी आधी केसपेपर काढायला लावला. कुत्र्याचं नाव, वय, जात, माझा मोबाइल नंबर, लसीकरणाचं कार्ड. मग टोकन. आमच्या आधी लसीला आलेली पिल्लं आणि नखं कापायला आलेला एक पॉमेरेनियन. मी म्हटलं, "ताई, ॲक्सिडेंट आहे." त्या म्हणाल्या, "रक्त कुठे येतंय? बसा." बायको म्हणाली, "एकदा हिरडी तरी बघा." "डॉक्टर बघतील ना, बसा."

बऱ्याच विनवण्या केल्यावर आतून एक दादा येऊन रक्त घेऊन गेले. रिपोर्ट आला, पीसीव्ही ४२. "बघा, नॉर्मल आहे, बसा." या 'नॉर्मल'ने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच जातात, त्यामुळे सुरुवातीला तो वाटा तेवढाच दिसतो. त्यात कुत्र्याची प्लीहा आकसून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. आकडा नंतर पडतो, शरीरातलं पाणी रक्तात ओढलं गेलं किंवा सलाइन चढलं की. त्याआधी बऱ्याचदा रक्तातलं प्रोटीन उतरलेलं दिसतं. हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. काउंटरवर कुणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि शेरूचं पोट माझ्या हाताखाली ताठ होत चाललं होतं.

शेवटी बायको टोकन खुर्चीवर टाकून सरळ केबिनमध्ये शिरली. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, ओठ वर केला, हिरडी दाबली आणि दुसऱ्या क्षणी शेरू टेबलावर होता. बघायला लागले ते एवढंच!

पुढचं भराभर झालं. ऑक्सिजन, शिरेत सुई, सलाइन. सोनोग्राफीत पोटात द्रव दिसला, सुईने काढला तर रक्त, आणि नळीत ठेवलं तरी ते गोठलं नाही. पोटात साचलेलं रक्त बहुधा गोठत नाही, त्यावरून ते शिरेतलं नाही हे कळतं. पोटाला घट्ट पट्टा बांधला. सलाइन एकदम न सोडता थोडं द्यायचं, नाडी-हिरडी बघायची, मग पुढचं, असं चाललं होतं. बीपी एकदम वाढलं तर धरलेली गुठळी सुटते. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलि रक्त असतं. शेरू वीस किलोचा, म्हणजे सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर पोटात गेलं तर उरलं काय? क्रॉसमॅच करून, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते तपासून, शेजारच्या काकूंच्या लॅब्रेडोरचं रक्त चढवलं. ऑपरेशन लागलं नाही. हिरडीवर गुलाबी छटा आली तेव्हा आम्ही दोघं रडलो.

दाता कुत्रा आधीच हेरून ठेवा. तो मोठ्या अंगाचा, लसी पूर्ण झालेला, गोचीडतापाची तपासणी केलेला हवा. मांजर असेल तर रक्तगट तपासल्याशिवाय पहिल्यांदासुद्धा रक्त देऊ देऊ नका. आणि मांजराची गोष्ट वेगळी: शॉकमध्ये, म्हणजे अंगाला रक्त पुरेनासं होतं तेव्हा, तिचे ठोके मंदही होतात, अंग गार पडतं. ठोके शांत आहेत म्हणून थांबू नका.

रक्त बाहेर येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. कापड भिजलं तरी काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. हळद, कॉफी पावडर काही भरू नका. माणसाची वेदनाशामक गोळी अजिबात नाही, मांजराला पॅरासिटामॉल तर जिवावर बेततं. पाणीही पाजू नका. आमच्या ओळखीचे एक जण "स्टेरॉइडचं इंजेक्शन मारा, उठेल" म्हणत होते. रक्तस्रावाच्या शॉकला तो इलाज नाही.

निघतानाच फोन करा, आणि काउंटरवर "लागलंय" म्हणू नका. "हिरड्या पांढऱ्या आहेत, शॉकमध्ये आहे" असंच म्हणा, मोठ्याने म्हणा, आणि तरी बसवलं तर बसू नका. आणि हो, दुखऱ्या कुत्र्याला उचलताना ओढणीने तोंड बांधा, तो घरच्यांनाही चावतो. मात्र धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका.