आधी अंदाज सांग

सोमवार, रात्र

पोरीचा विज्ञानाचा पेपर शनिवारी. आठवीला आता परत पास-नापास आलंय, वार्षिकला राहिलं की फेरपरीक्षा, म्हणून घरात जरा तंग वातावरण आहे. तशी ती राहणाऱ्यातली नाही. उद्यमनगरातल्या शॉपमधून, म्हणजे कारखान्यातून, घरी आलो तेव्हा पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून पुटपुटत बसली होती. मला बघून म्हणाली, "मी सगळ्या व्याख्या पाठ केलोय पप्पा. कुठलीबी विचारा."

विचारल्या. उष्णता म्हणजे काय, धडाधडा सांगितलं. तापमान, तेही. विशिष्ट उष्मा, म्हणजे 1 ग्रॅम पदार्थ 1 अंशानं तापवायला लागणारी उष्णता, एककासकट. मग म्हटलं, किलोभर लोखंड उकळत्या पाण्यात चांगलं तापवलं आणि काढून 1 लीटर गार पाण्यात टाकलं, तर पाणी किती अंशाला जाईल? गार पाणी 30 अंशाचं धर.

"65," लगेच. "100 आणि 30 च्या मधलं."

विशिष्ट उष्म्याची व्याख्या तोंडावर आहे आणि लोखंड नि पाणी सारखंच तापतं-निवतं हा समजही मनात पक्का आहे. एकाच वाड्यातले दोन भाडेकरू, वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत. मी उत्तर सांगितलं नाही. उद्या करून बघू म्हटलं. त्यावर, "पप्पा, पेपरात करून बघा असं येत नाही." खरं आहे तेही.

वाटणी झाली आहे. पेशी, सूक्ष्मजीव, रोग, शरीरातल्या संस्था हे सगळं तिच्या आईकडं. ती लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, तिथं माझी लुडबुड नको. बल, दाब, उष्णता, प्रकाश, अणू माझ्याकडं. आणि एक नियम ठरवला. मी प्रश्न विचारल्यावर आधी अंदाज सांगायचा, मग वहीत हिशेब मांडायचा. अंदाज न सांगता हिशेब केला तर बाद.

मंगळवार

माझ्या आईच्या जुन्या किराणा दुकानातली मापं माळ्यावर होती. 1 किलोचं षटकोनी बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, माप काढलं, गंज घासला आणि पातेल्यात पाणी घालून उकळायला ठेवलं. दुसऱ्या पातेल्यात मोजून 1 लीटर पाणी. घरात थर्मामीटर एकच, ताप बघायचा डिजिटल. तो गार पाण्यात धरला की नुसता 'एल' दाखवतो, म्हणजे 32 च्या खाली, एवढंच कळतं. चालतंय की.

माप चांगलं तापल्यावर सांडशीनं उचललं आणि गार पाण्यात सोडलं. 'च्यूंss' वगैरे काही झालं नाही, त्यामुळं पोरगी आधीच नाराज. पाणी ढवळून थर्मामीटर धरला. 36.3.

आई दारात उभी राहून बघत होती. "मापाला ताप आलाय व्हय?"

पोरीनं थर्मामीटर झटकला, परत धरला. तेच. मग वही उघडली. 1 ग्रॅम पाणी 1 अंशानं तापवायला 1 कॅलरी लागते. लोखंडाला तेवढ्याच कामाला 0.11. म्हणजे लोखंड नवव्या हिश्शाच्या उष्णतेत तापतं आणि निवताना देतंही तेवढीच. लोखंडानं सोडलेली उष्णता बरोबर पाण्यानं घेतलेली उष्णता, एवढं एक समीकरण. उत्तर 36.9 आलं. "आपलं कमी का आलं?" तिनंच विचारलं. थोडी उष्णता पातेल्यानं घेतली, थोडी हवेत गेली. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. आपण 100 धरलेले. हे तिला आवडलं. पुस्तकातले 100 अंश आपल्या गावाचे नव्हेत म्हणून.

त्यावरून उष्णता आणि तापमान यांच्यात पुन्हा शिरलो, कारण तिथंच सगळा गुंता आहे. शॉपमध्ये ग्राइंडर मारताना ठिणग्या हातावर उडतात. पिवळीधमक ठिणगी हजार अंशाच्या घरात असते, पण हात सहसा भाजत नाही, कपभर चहा सांडला तर मात्र फोड येतो. का? अंदाज सांग. थोडा वेळ बोटानं उशीवर रेघा मारत बसली. "ठिणगीत लोखंडच किती असतंय." बास. तापमान जास्त आणि उष्णता कमी असं असू शकतं, हे तिचं तिनं काढलं. मी व्याख्या परत विचारली नाही.

बुधवार

शॉपला लोड होता, घरी यायला दहा वाजले. ती आम्ल-आम्लारी करून झोपायच्या बेतात. एकच विचारलं: गुऱ्हाळात उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतात ती कशाला? रस आंबट असतो, चुना आम्लारी, उदासिनीकरण. बरोबर. मग गूळ करणं हा भौतिक बदल की रासायनिक? इथं अडली. पाणी आटतं तो भौतिक, निवळीनं होतं ते रासायनिक, रंग चढतो तोही रासायनिक. "पण पेपरात एकच लिहायचं असतंय." मला झोप आली होती.

गुरुवार

आज शॉपमधनं माझी श्रिंकेजची पट्टी घरी आणली. मी पॅटर्न मेकर. लाकडाचा पॅटर्न बनवायचा, त्यावरनं फौंड्रीत वाळूचा साचा होतो, साच्यात बीड ओततात. पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, तुझ्या कंपासमधल्या पट्टीशेजारी धर. शून्याला शून्य लावलं. 5 सेंटीमीटरपर्यंत तिला काही दिसलं नाही. 30 ला पोचली तेव्हा माझी पट्टी 3 मिलिमीटर पुढं गेलेली.

"पप्पा, ही चुकीची आहे. तुम्ही हिच्यावर काम करताय?"

पंचवीस-तीस वर्षं हिच्यावरच घर चाललंय. बीड 1150 अंशाच्या आसपास गोठतं, तिथून निवत निवत आपल्या 30 अंशाला येतं. येताना आकसतं. पॅटर्न मापात केला तर कास्टिंग लहान येणार. म्हणून पट्टीच 1 टक्का मोठी, मीटरला 10 मिलिमीटर. पॅटर्न मेकरनं डोक्यात बेरजा करत बसायचं नाही, पट्टी सांगते तसं कापायचं.

मग हिशेब. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण 0.01 मिलिमीटर वाढतं किंवा आकसतं. 1120 अंशांना किती? 11.2. आमच्या शॉपची जुनी 10 आणि वहीतली 11.2 इतकी जवळ आली हे बघून खरं सांगायचं तर मलाच बरं वाटलं. कधी गुणाकार करून बघितला नव्हता.

पुढचा प्रश्न. ॲल्युमिनियम 660 अंशालाच वितळतं, म्हणजे त्याला निवायला कमी अंश उतरावं लागतं. श्रिंकेज बिडापेक्षा जास्त की कमी? "कमी. निम्मी असणार." तिचा अंदाज एकदम तर्काला धरून. पण ॲल्युमिनियमला आम्ही मीटरला 13 धरतो. ते दर अंशाला बिडाच्या दुपटीहून जास्त हलतं, 0.023. अंश कमी, पण प्रत्येक अंशाला चाल मोठी. तिनं स्वतः गुणून 14.5 काढलं आणि शेजारी "पप्पांचं 13" असं लिहिलं.

नंतर प्रकाश. सरळ रेषेत जातो, हे पाठ आहे. म्हटलं, अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत गाभाऱ्यापर्यंत येतं. सूर्य खाली चाललेला असतो, मग ऊन देवीच्या अंगावर वर सरकतं की खाली? तिनं बघितलाय, तरी "खाली" म्हणाली. कागदावर सूर्य, दाराची चौकट आणि मूर्ती काढून रेघ ओढायला लावली. सूर्य खाली आणला की रेघेचं दुसरं टोक वर जातं. पाय, कंबर, मग चेहरा. "हां, आरती होती तेव्हा चेहऱ्यावरच असतंय की!" बघितलेलं आठवलं ते रेघ ओढल्यावर.

हे परीक्षेत येणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. किरणोत्सव 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि मग 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारीला. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर मोज, त्या दिवशी सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. 41 दिवस. तिथून 1 फेब्रुवारी, 42. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो, परतताना त्याच जागी पुन्हा येतो. कॅलेंडर भिंतीवरनं काढून तिनं मोजलं, आणि ते परत अडकवलं मी.

शुक्रवार, उशीर

उद्या पेपर. बायको म्हणते आता नवीन काही काढू नका. तिचं बरोबर आहे, पण दाब राहिला होता.

मामाच्या गावचा बंधारा तिला माहीत आहे, आपला कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, दोन ओळींच्या मधे माती भरतात आणि पाणी अडतं. प्रश्न: मागं पाणी दोनशे फूट तुंबलंय की दोन किलोमीटर, तळाच्या बर्ग्यावर दाब कधी जास्त? "दोन किलोमीटरला. एवढं पाणी ढकलतंय." मोठी माणसंही हेच म्हणतात. दाबाचं सूत्र लिहायला लावलं: घनता, गुरुत्व त्वरण, खोली. लांबी कुठं आहे त्यात? नाही. 3 मीटर खोल असेल तर तळाशी दर चौरस मीटरला 3 टनांच्या आसपास, मागं पाणी कितीही लांब असो. ती सूत्राकडं बराच वेळ संशयानं बघत राहिली. मी घाई केली नाही.

शेवटी अणू. इथं माझा नियमच लंगडा पडला, कारण अणू कुणी बघितलाय म्हणून अंदाज करणार? पण मग तिला रुदरफोर्डचा प्रयोग सांगितला. सोन्याचा अतिशय पातळ पत्रा, त्यावर अल्फा कण, म्हणजे धनप्रभाराचे वेगवान कण, सोडले. थॉमसनच्या म्हणण्याप्रमाणे धनप्रभार अणूत सगळीकडं सारखा पसरलेला, म्हणजे कण थोडे इकडंतिकडं वळून आरपार जाणार, असा सगळ्यांचा अंदाज. बहुतेक गेलेही. पण हजारोंत एखादा उलटा फिरून आला. त्या एका उलट्या फिरलेल्या कणावरनं 1911 साली केंद्रक आलं, म्हणजे सगळा धनप्रभार अणूच्या मधल्या इवल्याशा जागेत.

"म्हणजे त्यांचा अंदाज चुकला," ती खूश.

मग नेहमीचा प्रश्न आला, जो दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पोराला पडतच असणार: थॉमसनचं चुकलं, रुदरफोर्डचंही अर्धं चुकलं, मग आम्ही थॉमसन, रुदरफोर्ड, बोर अशा तिघांची प्रारूपं आकृतीसकट का पाठ करायची? मी म्हटलं, रुदरफोर्डचे इलेक्ट्रॉन फिरता फिरता ऊर्जा गमावून केंद्रकात पडायला पाहिजेत, ते का पडत नाहीत एवढा एकच प्रश्न बोरनं 1913 ला हातात घेतला. आधीचं कुठं अडलं हे माहीत नसेल तर बोरच्या कक्षा, जिथं फिरताना इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही, त्या कशासाठी आल्या ते कळणारच नाही. न्यूट्रॉन तर चॅडविकला 1932 मध्ये सापडला, तोवर नुसत्या प्रोटॉनच्या हिशेबानं अणूचं वजन जमत नव्हतं.

ती पेन्सिल चावत होती. "मग बोरचं तरी बरोबर आहे का?"

"पूर्ण नाही. अकरावीत गेलीस की तेही मोडतात."

"मग उद्या मी काय लिहू?"

"बोर लिही. आकृती मोठी काढ."