सूड, वेड आणि चाळिशी

जवळच्या चष्म्याला आपल्याकडे चाळिशी म्हणतात. मला ती सत्तेचाळिसाव्या वर्षी लागली आणि लागली ती फोनमुळे. पेपर मी अजूनही हात लांब करून वाचतो. फोनवरच्या पंचांगाला ही युक्ती लागू पडत नाही, कारण फोन लांब धरला की अक्षर आणखी बारीक होतं. मग दोन बोटांनी पडदा ताणायचा. तिथी मोठी दिसते, पण नक्षत्र कडेबाहेर जातं. नक्षत्र ओढून आणावं तर तिथी पळते.

हेच पंचांग लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्यावर उघडता आलं तर, असं मनात आलं तेव्हा माझ्या घरात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी संगणकप्रणाली, येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, विंडोज ११ च्या अटींत माझा जुना लॅपटॉप बसेना, आणि दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा पेन ड्राइव्ह खिशात घालूनच आला होता. फराळाच्या ताटल्या उचलून होईपर्यंत त्याने उबुंटू नावाचं लिनक्स बसवून दिलं.

त्याला फोन केला. "मामा, अँड्रॉइड म्हणजे आतून लिनक्सच आहे की," तो म्हणाला. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तोच २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनपासून माझ्या खिशातल्या फोनपर्यंत सगळ्यांच्या पोटात बसलेला आहे. म्हणजे इतकी वर्षं मी लिनक्स बरोबर घेऊन हिंडत होतो आणि कुणी त्याचं नाव काढलं की 'ते आपल्याला जमायचं नाही' असंही म्हणत होतो.

"मग पंचांग सरळ चालेल?"

"सरळ नाही."

नसणारच. भाऊबंद म्हटले की मधे भिंत आलीच. आजोबा एक, चुली वेगळ्या. अँड्रॉइडने कर्नल तेवढा घेतला आणि वरचा सगळा संसार आपला आपण मांडला, त्यामुळे त्याची ॲप्स लिनक्सच्या दारात आली तरी आत ओळखीचं कुणी भेटत नाही. त्यावर उपाय भाच्याने सांगितला तो वेड्रॉइड. वेलँड ही लिनक्सची पडद्यावर चित्र उमटवायची नवी व्यवस्था, तिच्यात अँड्रॉइड मिसळून केलेलं नाव. आई शेजारी शेंगा सोलत होती. तिने शब्दाचा पुढचा भाग ऐकलाच नाही. "आता आणि कसलं वेड?" म्हणाली.

या वेडाची रीत मला आवडली. एमुलेटर लॅपटॉपच्या आत एक अख्खा खोटा फोन उभा करतो आणि त्या ओझ्याने पंखा घरघरायला लागतो. वेड्रॉइड तसं करत नाही. घरचाच कर्नल वापरतो आणि अँड्रॉइडला एका बंद खोलीत पोटभाडेकरू म्हणून ठेवतो. स्वयंपाक त्याचा, कुलूप त्याचं, विजेचा मीटर मालकाचा. खोलीत राहायला येतो तो लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडचाच एक मुक्त अवतार.

भाच्याने आज्ञा लिहून पाठवल्या. पहिलाच शब्द सुडो, म्हणजे 'मालकाच्या अधिकाराने कर'. मी तो सूड असा वाचला आणि पुढे जे घडलं ते पाहता फारसं चुकीचं वाचलं नव्हतं. टर्मिनलने, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या चौकटीने, पासवर्ड मागितला. मी टाइप केला, पडद्यावर काही उमटेना. अक्षरं नाहीत, चांदण्या नाहीत, ठिपकासुद्धा नाही. कळा जोरात दाबून पाहिल्या. तीनदा चुकल्यावर त्याने मला बाहेर काढलं.

"न दिसणं बरोबर आहे, मामा. मागे उभं राहून बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे हेसुद्धा कळू नये म्हणून."

"अरे, पण मी बरोबर टाकतोय."

"कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे?"

सकाळी सोसायटीची नोटीस मराठीत टाइप केली होती. म्हणजे मघापासून मी पासवर्ड देवनागरीत ठोकत होतो, आणि तोही कुणाला न दिसता.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. गुगलच्या दुकानासकटचा अँड्रॉइड उतरवला. रेशनकार्डावर नाव चढवावं तशी या नव्या 'फोन'ची एक लांबलचक आकडा देऊन गुगलकडे नोंदणी केली, आणि उबुंटूच्या मेन्यूत, फाइल आणि कॅल्क्युलेटरच्या पंगतीत, पंचांगाचं चित्र येऊन बसलं. उघडलं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, सगळं एका नजरेत, दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत. मी चष्मा काढून ठेवला.

यशाने हाव वाढते. आणखी चार ॲप्स टाकली. त्यातलं एक उघडता उघडताच मिटलं. फोनचा प्रोसेसर एआरएमच्या भाषेत बोलतो, माझा लॅपटॉप इंटेलच्या. ज्या ॲपमध्ये फक्त एआरएमसाठी घडवलेले भाग असतात, ते मधे दुभाषा बसवल्याशिवाय इथे तोंड उघडत नाही. आणि पैसे पाठवायचं ॲप? त्याला पडदा मोठा की लहान याचं सोयरसुतक नाही. खात्याला जोडलेलं सिमकार्ड याच यंत्रात आहे ना, एवढंच ते विचारतं आणि खात्रीसाठी त्या सिमवरून एसएमएस पाठवू बघतं. पोटभाडेकरूकडे सिम कुठलं?

त्यावर भाच्याचा दुसरा तोडगा: एससीआरसीपीवाय. हा उच्चार मी अजून कुणासमोर केलेला नाही. यात खोटा फोन नाहीच. खरा फोन केबलने जोडायचा, त्याचा पडदा लॅपटॉपवर दिसतो आणि माउसने चालवता येतो. त्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचं. वडालाही फेरे सातच. सातव्या टिचकीला फोनने जाहीर केलं की तुम्ही आता डेव्हलपर झालात. इतक्या स्वस्तात मला आजवर कुणी काही केलेलं नाही.

फोन पडद्यावर अवतरला. मोठ्या उमेदीने बँकेचं ॲप उघडलं, आणि ती चौकट काळीकुट्ट. अशी ॲप्स आपल्या पडद्याची नक्कल कुणाला घेऊ देत नाहीत. हातातल्या फोनवर शिल्लक दिसत होती, पण वाचता येत नव्हती. चष्मा शोधायला उठलो.

पंचांग मात्र चालू राहिलं. पुढच्या संकष्टीला आई दुपारपासून चंद्रोदय विचारत होती, म्हणून लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने वेळ वाचली, स्वतः, चष्म्याविना. मग उद्याचं बघावं म्हणून पडद्यावर बोट टेकवून सरकवलं. काही हललं नाही. पुन्हा सरकवलं, बोटाची हळद पडद्यावर आडवी उमटली. मी माउस पुढे केला. तो तिने नको म्हणून बाजूला सारला आणि लॅपटॉपकडे जरा मागे होऊन पाहिलं.

"अक्षर छान आहे रे," ती म्हणाली, "पण फोन आला तर हा एवढा कानाला कसा लावतोस?"